बांधणी, छपाई आणि जुनी पुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं सांगलीत बाइंडिंगचं छोटं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघतो आणि जोडीला जुनी पुस्तकं घेणं-विकणं पण चालतं. दुकानात, फोनवर, परवा तर मिरजेत एका लग्नाच्या पंगतीत सुद्धा लोक तेच तेच विचारतात, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून ठेवावं. ओळीनं वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

नुसतं "बाइंडिंग करून द्या" म्हटलं तर तुम्ही उलटे दहा प्रश्न का विचारता ओ?

कारण "बाइंडिंग" म्हणजे "जेवण" म्हटल्यासारखं झालं, त्यात काय वाढू ते सांगा ना. साधारण चार प्रकार डोक्यात ठेवा. पहिला सेंटर पिन, म्हणजे कागद मधोमध दुमडून घडीत दोन पिना मारायच्या, पातळ अंक आणि कार्यक्रमपत्रिका अशाच असतात. दुसरा साइड शिलाई, म्हणजे कडेनं दाभणानं भोकं पाडून दोरा ओवायचा, शाळा-कॉलेजच्या लायब्रऱ्यांची पुस्तकं बहुतेक अशीच बांधलेली असतात, मजबूत असतं पण पुस्तक सपाट उघडत नाही आणि आतल्या बाजूचा मजकूर घडीत जातो. तिसरा सेक्शन शिलाई, म्हणजे प्रत्येक फर्मा (छापील मोठ्या कागदाची दुमडलेली घडी) त्याच्या घडीतून वेगळा शिवायचा आणि सगळे फर्मे एकमेकांना दोऱ्यानं बांधायचे. याला वेळ लागतो, मजुरी जास्त पडते, पण पुस्तक टेबलावर ठेवलं तर शहाण्यासारखं उघडं राहतं. चौथा परफेक्ट बाइंडिंग, त्याचं खाली सांगतो कारण त्याच्यावर माझा जरा राग आहे.

शिवाय वरून काय, पेपरबॅक की पुठ्ठा, कापड की रेक्झिन, नाव सोनेरी फॉइलनं टाकायचं का. म्हणून विचारतो. न विचारता केलं तर तुम्हीच नंतर म्हणणार, अहो हे असं नको होतं.

परफेक्ट बाइंडिंग खरंच परफेक्ट असतं का?

नाव ठेवणाऱ्याला साष्टांग नमस्कार. यात काय करतात, सगळे फर्मे एकावर एक ठेवून पाठीकडची घडीच मशीननं कापून खरबरीत करतात, म्हणजे आता प्रत्येक पान सुटं झालं, मग त्या पाठीला गरम गोंद लावायचा आणि वरून कव्हर दाबायचं. दोरा नाही, काही नाही. स्वस्त आणि झटपट, आजची बहुतेक पेपरबॅक अशीच असतात. तो गरम गोंद, ज्याला हॉट मेल्ट म्हणतात, उन्हानं मऊ पडतो आणि जुना झाला की कडक होऊन तडकतो. मे महिन्यात गाडीत पुढं काचेजवळ पुस्तक ठेवून बघा, उघडल्यावर हातात पत्त्यांचा कॅट येईल. पीयूआर म्हणून एक वेगळा गोंद असतो तो बराच चिवट, पण महाग, आणि तो वापरलाय का हे प्रकाशकाला विचारायला लागतं, पुस्तकाकडं बघून सहज कळत नाही.

शिलाई आहे का गोंद हे कसं ओळखायचं? पुस्तकाची पाठ वरून बघा. छोट्या छोट्या घड्यांचे पुंजके दिसले आणि मध्येच कुठं उघडल्यावर दोरा दिसला तर शिलाई. सगळं एकसारखं सपाट दिसलं तर गोंद. आणि हो, पुठ्ठ्याची बांधणी आहे म्हणजे आत शिलाई आहेच असं अजिबात नाही, हल्ली गोंदाच्या पुस्तकाला पुठ्ठा चढवून जास्त किंमत लावतात, घेताना बघून घ्या.

पान आणि पृष्ठ एकच ना?

बोलताना एकच, हिशोबात नाही. पान म्हणजे कागदाचा एक तुकडा, त्याला दोन बाजू, प्रत्येक बाजू म्हणजे एक पृष्ठ. तुम्ही "शंभर पानं" म्हणालात आणि प्रेसवाला पृष्ठं समजला तर बिलात निम्म्याचा फरक पडतो, हे भांडण मी स्वतः दोनदा सोडवलंय.

फर्मा म्हणजे नक्की काय?

मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी बरीच पृष्ठं एकदम छापतात आणि तो कागद दुमडून दुमडून पुस्तकाच्या आकाराचा करतात, त्या घडीला फर्मा. मराठी पुस्तकात बहुतेक १६ पृष्ठांचा, कधी ८ चा. १२ फर्मे म्हणजे १९२ पृष्ठं. म्हणून प्रकाशक तुम्हाला सांगतो की मजकूर १९८ पृष्ठं होतोय, सहा कमी करा, तेव्हा तो तुमच्या लेखनावर टीका करत नसतो, त्याचा शेवटचा फर्मा अर्धाही भरत नसतो आणि कागद वाया जात असतो. शेवटी कोरी पानं येतात ती पण त्यामुळंच.

एक गंमत सांगतो. १६ पृष्ठांच्या फर्म्यात पाठीकडच्या घडीला लागून शेजारी येणाऱ्या दोन पृष्ठांच्या नंबरांची बेरीज कायम १७ येते, १ आणि १६, २ आणि १५, मधली ८ आणि ९. लहान असताना वडील मला पगाराऐवजी असली कोडी घालायचे. जुन्या पुस्तकात दर १६ पृष्ठांनी तळाला एक बारीक आकडा किंवा अक्षर दिसतं, ती फर्म्याची खूण, बाइंडरनं फर्मे उलटसुलट लावू नयेत म्हणून. जुनं पुस्तक घेताना मी पहिल्यांदा त्या खुणा मोजतो, एखादा फर्मा गायब असेल तर तिथंच कळतं. पुस्तक असं पानापानानं तपासून घेणं याला संग्राहक लोक कोलेशन म्हणतात.

डेमी, क्राऊन, रॉयल हे काय प्रकार आहेत?

मूळ कागदाच्या आकाराची नावं, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली. डेमी कागद साधारण १८ बाय २३ इंच. तो तीन वेळा दुमडला की ८ पानं होतात, म्हणून डेमी वन एट, आणि कडा कापून झाल्यावर पुस्तक साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. कादंबऱ्या, आत्मचरित्रं बहुतेक याच मापात. क्राऊन कागद १५ बाय २० इंच, त्याचं वन एट म्हणजे ५ बाय साडेसात, कवितासंग्रहाचं आवडतं माप. वन फोर म्हणजे दोनदाच दुमडलेला, आकार दुप्पट. रॉयल डेमीपेक्षा जरा मोठं. संपलं, एवढंच आहे ते.

जीएसएम किती घेऊ?

एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. आतल्या मजकुराला ७० किंवा ८० चा मॅपलिथो (छपाईचा साधा, बिनचकाकीचा कागद) चांगला. पांढराफेक घेऊ नका, डोळ्याला त्रास होतो, नॅचरल शेडचा घ्या, जरा पिवळसर असतो. कव्हरला २५० ते ३०० चं कार्ड. आर्ट पेपर म्हणजे गुळगुळीत चकचकीत, फोटोंसाठी ठीक पण पुराच्या गावात आर्ट पेपर म्हणजे काय होतं ते पुढं वाचा. जास्त जीएसएम म्हणजे जास्त चांगलं पुस्तक असं नाही, ६० पृष्ठांचा कवितासंग्रह जाड दिसावा म्हणून १२० चा कागद घालतात आणि मग तो उघडायला दोन्ही हात लागतात.

कागदाला दिशा असते म्हणतात, ते खरं का?

अगदी खरं, आणि हौशी लोकांच्या बांधणीत सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. मशीनवर कागद तयार होताना त्यातले तंतू एका दिशेला लोळतात, त्याला ग्रेन म्हणतात. ग्रेन पाठीला समांतर पाहिजे. उलटा लावला तर पानं ताठ राहतात, आणि खळ (मैद्याची पेस्ट) लावल्यावर पुठ्ठा पापडासारखा वाकतो, कारण ओला झाल्यावर कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो. कसं ओळखायचं, कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा, ज्या बाजूनं सहज वाकतो त्या घडीच्या रेषेला ग्रेन समांतर. नाहीतर वर्तमानपत्र फाडून बघा, एका बाजूनं सरळ फाटतं आणि दुसऱ्या बाजूनं वेडंवाकडं.

खळ, सरस, फेविकॉल, यात चांगलं काय?

खळ म्हणजे मैद्याची किंवा गव्हाच्या सत्वाची शिजवलेली पेस्ट. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत बसायचं, गुठळी झाली की आई ओरडायची कारण पातेलं तिचं असायचं. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद, गरम करून लावायचा, वास असा की गिऱ्हाईक दारातूनच परत जायचं, आता फारसं कोण वापरत नाही. फेविकॉलसारखा पांढरा गोंद पटकन चिकटतो, मजबूत असतो, नव्या वह्या-पुस्तकांना मी पण वापरतो.

पण जुन्या, किमती पुस्तकाला फेविकॉल लावू नका. खळ पाण्यानं परत सोडवता येते, तो गोंद सुटत नाही. पन्नास वर्षांनी कुणीतरी ते पुस्तक परत दुरुस्त करणार आहे, त्याला तुमचं काम उलटवता आलं पाहिजे.

मोरचूद विचारतात बरेच जण. पूर्वी खळीत चिमूटभर मोरचूद घालायचे म्हणजे कीड आणि बुरशी लागत नाही. काम करतं, पण ते विष आहे, घरात लहान पोरं असतील तर नकोच, आणि तांब्याचं मीठ असल्यामुळं कागदाला दीर्घकाळ ते चांगलं नाही. व्यापाऱ्यांच्या चोपड्यांना आम्ही घालायचो, पुस्तकांना नाही.

चोपड्या म्हणजे त्या लाल कापडाच्या?

त्याच. सांगली हळदीची पेठ, इथं अडत्यांच्या लांबट चोपड्या, रोजमेळ, खतावण्या बांधण्याचं मोठं काम असायचं, दिवाळीआधी महिनाभर वडील दुकानातच झोपायचे. लाल कापड, आत अस्तर, पांढऱ्या दोऱ्याची शिलाई. कॉम्प्युटर आला आणि ते काम गेलं, आता पाडव्याला पूजेपुरती एखादी चोपडी मागतात, तीपण बारकी.

पुस्तकाच्या भागांना काय म्हणायचं? मला नुसतं "ते मागचं, ते वरचं" असं सांगायला लागतं.

पुढचं मुखपृष्ठ, मागचं मलपृष्ठ (हसू नका, तोच शब्द आहे), उभी पाठ म्हणजे कणा. पुठ्ठा आणि मजकूर यांना जोडणारा आतला कागद म्हणजे अस्तर. कण्याच्या वर-खाली जी रंगीत दोऱ्याची किनार दिसते ती हेडबँड, पूर्वी हातानं विणायचे आणि त्याला काम असायचं, आता तयार पट्टी मिळते ती चिकटवतात, म्हणजे नुसता दागिना. पुठ्ठ्यावरचं सुटं कागदी कव्हर ते जॅकेट किंवा वेष्टन, आणि त्याचा आत दुमडलेला भाग म्हणजे फ्लॅप. आत अर्पणपत्रिका, मनोगत, प्रस्तावना, अनुक्रमणिका, शेवटी परिशिष्ट, सूची. शुद्धिपत्र म्हणजे छापून झाल्यावर सापडलेल्या चुकांची चिठ्ठी, सुटी असते म्हणून हरवते, आणि जुन्या पुस्तकात ती जागेवर सापडली की मला उगाच आनंद होतो.

कण्याला आणि दोन कोपऱ्यांना चामडं आणि बाकी कापड किंवा कागद असेल तर हाफ बाइंडिंग, फक्त कण्याला असेल तर क्वार्टर, सगळीकडं असेल तर फुल लेदर.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यात फरक काय?

मजकुरात काही बदललं, नवीन प्रस्तावना घातली, सुधारणा केल्या तर नवी आवृत्ती. तेच्या तेच परत छापलं तर पुनर्मुद्रण. हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात मराठीत हा नियम सगळेच पाळत नाहीत, ५०० प्रती छापायच्या, संपल्या की परत ५०० आणि त्याला "दुसरी आवृत्ती" म्हणायचं. त्यामुळं कुणी "सातवी आवृत्ती निघाली" म्हटलं की मी नम्रपणे विचारतो, एकेक आवृत्ती किती प्रतींची?

संग्राहकाला पहिली आवृत्ती, पहिलं मुद्रण हवं असतं. ते शीर्षकपृष्ठाच्या मागच्या बाजूला बघा, तिथं आवृत्त्यांच्या तारखा ओळीनं असतात. जुन्या पुस्तकांत कधी कधी ही माहिती मुखपृष्ठावरच असायची आणि बांधताना मुखपृष्ठ काढून टाकलेलं असतं, मग बसा डोकं खाजवत.

शके लिहिलंय, इसवी सन कसं काढू?

शक अधिक ७८. पुस्तक जानेवारी ते गुढीपाडवा या दरम्यानचं असेल तर ७९. शके १७२७ म्हणजे १८०५. हाच आकडा का घेतला ते खालच्या प्रश्नात.

मिरजेत गीता छापली होती म्हणतात, ती कुठं?

हा आमच्या जिल्ह्याचा अभिमानाचा विषय, त्यामुळं जरा लांबवतो. नाना फडणवीसांच्या मनात गीता छापून ब्राह्मणांना वाटायची होती, त्यासाठी पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायचं काम सुरू झालं. १८०० साली नाना गेले आणि काम राहिलं. मग तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आला आणि १८०५ साली इथं गीता छापून झाली. इथं शब्द नीट समजून घ्या, हे खिळे जुळवून केलेलं छापकाम नव्हतं, अख्खं पान एका पत्र्यावर कोरलेलं, म्हणजे एक अक्षर चुकलं तर पत्रा गेला. खिळ्यांची छपाई म्हणजे एकेक अक्षर सुटं, ते जुळवणारा तो जुळारी किंवा कंपोझिटर, काम झालं की खिळे परत खणात. त्याच १८०५ साली तिकडं बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण खिळ्यांनी छापलं गेलं. एकाच वर्षी दोन टोकांना दोन तऱ्हा, मला हे फार आवडतं.

पुढं शिळाछाप आला, दगडावर शाईनं लिहून छापायचं, मुंबईत गणपत कृष्णाजींनी त्यात नाव काढलं. मराठीत शिळाछापाची पुस्तकं ओळखायची खूण म्हणजे अक्षर हाताचं दिसतं आणि तेच अक्षर प्रत्येक वेळी किंचित वेगळं येतं.

पोथी, बाड, रुमाल, हे सगळं जुनंच ना?

जुनं सगळंच, पण वस्तू वेगळ्या. पोथी म्हणजे आडवी सुटी पानं, न शिवलेली, वर-खाली फळ्या आणि सगळं कापडात बांधलेलं. पोथी कधीही "बाइंडिंगला" आणू नका, गेल्या वर्षी एकानं आणली होती, हात जोडून परत दिली. बाड म्हणजे हातानं उतरवून घेतलेल्या अभंग-पदांची शिवलेली वही, समर्थ संप्रदायात खूप सापडतात, सज्जनगड-चाफळ आपल्याच भागात. रुमाल म्हणजे कागदपत्रांचा कापडात बांधलेला गठ्ठा, आत बहुतेक मोडी. घरात असा रुमाल असेल तर तुकडे करून वाटून घेऊ नका, कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता हीसुद्धा माहितीच असते. पोथीच्या शेवटी ती लिहून काढणाऱ्याचं नाव, तिथी, गाव लिहिलेलं असतं त्याला पुष्पिका म्हणतात, पहिल्यांदा तीच वाचा.

पुरात भिजलेली पुस्तकं वाचतात का?

हा प्रश्न २००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला पण आला. २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, त्यावरून समजा. लायब्रऱ्यांची, शाळांची, घरोघरची पुस्तकं लगदा होऊन रस्त्यावर पडलेली आम्ही बघितलीत.

वाचतात, पण पहिले दोन दिवस महत्त्वाचे, साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते. गाळ असेल तर पुस्तक घट्ट मिटून स्वच्छ पाण्यात हलकं धुवा, उघडून घासू नका. उन्हात ठेवू नका, पुस्तक वाकडं होतं आणि पानं कडक होतात, सावलीत पंख्याखाली उभं करून पंख्यासारखी पानं मोकळी करा, दर काही पानांनी कोरा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. छापील वर्तमानपत्र घालू नका, शाई लागते. पुस्तकं खूप असतील आणि एवढं करायला माणसं नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. हसतात लोक, पण खरं आहे, गोठलं की बुरशी थांबते आणि तुम्हाला वेळ मिळतो. २०१९ ला आमच्या वाड्यातल्या एका वहिनींनी फ्रीजरमधून मटार काढून तिथं सासऱ्यांच्या डायऱ्या ठेवल्या, त्या आजही आहेत. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा असाच पूर आला होता, ग्रंथालयातली पुस्तकं चिखलात गेली, जगभरातून बाइंडर तिथं गेले आणि भिजलेली पुस्तकं कशी वाचवायची यातलं बरंच ज्ञान तिथून पुढं आलं.

आर्ट पेपर मात्र ओला होऊन वाळला की पानं एकमेकांना चिकटून वीट होते, त्याला ओला असतानाच सोडवायला पाहिजे, नाहीतर राम म्हणा.

पानांवर तांबूस ठिपके आलेत, कीड आहे का?

बहुतेक नाही. त्याला फॉक्सिंग म्हणतात, दमट हवा, बुरशी आणि कागदातले लोहाचे कण यांचा तो परिणाम. वाचायला त्रास नाही, पसरू नये म्हणून हवा खेळती ठेवा. पान सगळंच पिवळं पडून कुरकुरीत झालं असेल तर तो कागदातला आम्ल, लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद असला की होतंच. भोकं असतील तर कीड, चकचकीत चंदेरी किडा दिसला तर कसर. डांबरगोळी कागदाला टेकवून ठेवू नका, कापडात बांधून कोपऱ्यात ठेवा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला, ओला घातलात तर पानावर पानाचा ठसा उठेल.

फाटलेलं पान सेलोटेपनं चिकटवलं तर चालेल का?

नाही. नाही. नाही. काही वर्षांनी टेप सुटते, गोंद आत मुरून पिवळा डाग राहतो आणि तो निघत नाही. पातळ टिश्यू कागद आणि खळ, बास.

आजोबांचं पुस्तक नव्यानं बांधून घेऊ का?

वाचायचं असेल तर घ्या, विकायचं असेल तर थांबा. संग्राहकाला मूळ बांधणी हवी असते, मोडकी असली तरी. नवीन रेक्झिन चढवलं की किंमत वाढत नाही, उतरते. त्यापेक्षा मापाची पेटी करून घ्या.

आणि बांधायलाच दिलंत तर एक वाक्य जरूर सांगा, "कटिंग करू नका." हे मी कुठं शिकलो ते सांगतो. सतरा वर्षांचा असेन, एका काकांनी त्यांच्या आजीची छापील ज्ञानेश्वरी आणली, कडा खराब झालेल्या. मी शिलाई झकास केली आणि कडा एकसारख्या याव्यात म्हणून तीन बाजूंनी मशीनवर तीन-चार मिलिमीटर कापल्या. समासात आजीनं मोडीत बारीक टिपणं केली होती, ती बघितलीच नव्हती, प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर गेलं. वडिलांनी काही न बोलता कचऱ्याच्या पोत्यातनं ती कातरणं वेचून काढली, पाकिटात घातली आणि पुस्तकाला बांधून दिली. काका आले, पाकीट उघडून बघितलं, ठरलेली मजुरी दिली आणि गेले. परत कधी आले नाहीत.

माझ्याकडं शंभर वर्षं जुनं पुस्तक आहे, किती येतील?

जुनं म्हणजे दुर्मिळ नाही. शंभर वर्षांपूर्वीची धार्मिक पुस्तकं, क्रमिक पुस्तकं हजारोंनी छापली गेली, ती आजही रद्दीत मिळतात. मी काय बघतो, पहिली आवृत्ती आहे का, सगळे फर्मे, नकाशे, चित्रं जागेवर आहेत का, वेष्टन आहे का, आणि ती कुणाची प्रत होती. लेखकानं सही करून कुणा ओळखीच्या माणसाला दिलेली असेल तर ती असोसिएशन कॉपी, तिला वेगळा भाव. लायब्ररीचे शिक्के असतील तर एक्स-लायब्ररी, भाव कमी, आणि शिक्का "रद्द" केलेला नसेल तर मी घेतच नाही, चोरीचा माल असू शकतो.

आपल्या भागातलं म्हणाल तर किर्लोस्करवाडीहून निघालेले "किर्लोस्कर" (१९२० पासून), "स्त्री" (१९३०) आणि "मनोहर" (१९३४) यांचे सुरुवातीचे अंक लोक शोधत असतात. औंधला सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळानं वैदिक ग्रंथ छापले, १९४८ ला मंडळ गुजरातेत पारडीला गेलं, त्यामुळं शीर्षकपृष्ठावर "औंध" छापलेलं दिसलं की पुस्तक बहुतेक त्याआधीचं, साल फाटलेलं असलं तरी अंदाज येतो. वाईहून निघालेले मराठी विश्वकोशाचे खंड विकायला खूप येतात, पहिला खंड १९७६ चा, पण सगळा संच असेल तरच मजा, सुट्या खंडाला गिऱ्हाईक कमी.

दिवाळी अंक बांधून ठेवू का?

ठेवा, पण आधी पिना काढा, पावसाळ्यात त्या गंजतात आणि मधली पानं खातात. आणि जाहिरातींची पानं कृपा करून टाकू नका, जुन्या जाहिराती बघायलाच लोक ते अंक घेतात. आपल्याकडं ही परंपरा १९०९ च्या "मासिक मनोरंजन"च्या अंकापासूनची.

माझं पुस्तक काढायचंय. प्रकाशक आणि प्रेसवाला यात फरक काय?

मुद्रक छापून देतो, प्रकाशक पैसे आणि जबाबदारी घेतो, वितरक दुकानात पोचवतो. तुम्हीच सगळे पैसे देणार असाल तर समोरचा स्वतःला काहीही म्हणवून घेऊ दे, प्रकाशक तुम्हीच. मग प्रती तुमच्या, हिशोब तुमचा, हे कागदावर लिहून घ्या. रॉयल्टी छापील किमतीवर का विक्रीच्या रकमेवर हे पण लिहून घ्या, दुकानदाराचं कमिशन वजा झाल्यावर दोन्हीत बराच फरक पडतो.

आयएसबीएन घेतला म्हणजे कॉपीराइट झाला ना?

नाही, काही संबंध नाही. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, २००७ पासून १३ आकडी, भारतातल्या पुस्तकांचा ९७८ नंतर ८१ किंवा ९३ नं सुरू होतो, आणि दिल्लीच्या सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, त्याचे कुणी हजारो रुपये मागितले तर काखेतलं पुस्तक काखेत ठेवून बाहेर पडा. पेपरबॅक आणि पुठ्ठा बांधणीला वेगवेगळा नंबर लागतो. कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, तुम्ही गेल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यामुळं त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून कुणीही छापू शकतं, म्हणून बाजारात एवढ्या वेगवेगळ्या प्रती दिसतात, आणि म्हणूनच बांधणी बघून घ्या म्हणतो, आत मजकूर तोच असतो.

भिलारला जुनी पुस्तकं विकत मिळतील का?

भिलार हे पुस्तकांचं गाव, पाचगणी-महाबळेश्वरच्या मधे, ४ मे २०१७ ला सुरू झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून कल्पना घेतलीय, पण तिकडं जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत आणि इकडं लोकांच्या घरात, ओसरीवर बसून वाचायचं असतं. विकत घ्यायचं डोक्यात ठेवून जाऊ नका, स्ट्रॉबेरीच्या दिवसांत जा आणि बोटं पुसून पुस्तकाला हात लावा.

दुकान दुपारी बंद का असतं?

खळ शिजवतो.